केअर ऑफ म्हणजे काय?

बँकेच्या लिफाफ्यावर, आधार कार्डावर दोन इंग्रजी अक्षरे तुम्ही पाहिली असतील. पहिले सी. ते विळ्याच्या पात्यासारखे वाकलेले असते. मग एक तिरपी रेघ. मग ओ, अगदी आपल्या शून्यासारखे. हे वाचायचे ‘केअर ऑफ’. बोलताना आपण ‘केरॉफ’ म्हणतो. चालेल.

केअर म्हणजे काळजी, सांभाळ. ऑफ म्हणजे चा, ची, चे. इंग्रजीत ‘ऑफ’ नावाच्या आधी येतो, आपला ‘चा’ नावाच्या मागून लागतो. म्हणून इंग्रजीत ‘केअर ऑफ मामा’, तर मराठीत ‘मामांच्या मार्फत’. पत्र ज्याचे आहे तो दुसऱ्याच्या घरी राहतो. पत्र त्या घरवाल्याच्या हाती द्या, तो पोचवील, एवढाच अर्थ.

हा शब्द आपल्या जिल्ह्यात खेडोपाडी पोचला तो गिरणीवाल्यांमुळे. लांजा, राजापूर, संगमेश्वरची माणसे मुंबईला परळ-लालबागच्या गिरण्यांत गेली. एकेका गावाची खोली असे. तीत पाळीपाळीने पुष्कळ माणसे निजत. खोली एकाच्या नावावर, म्हणून घरचे कार्ड जायचे ते त्याच्या केअर ऑफ. 1982 सालच्या संपानंतर गिरण्या एकेक बंद पडल्या. शब्द मात्र राहिला. आज आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार असो की मिरकरवाडा बंदरातला परगावचा खलाशी, त्याचे टपाल असेच येते.

आता लिहायचे कसे ते पाहू. समजा, तुमची मुलगी शिकायला रत्नागिरीत मामांकडे राहते. तिचे बँकेचे कार्ड टपालाने यायचे आहे. पहिल्या ओळीत मुलीचे नाव. दुसऱ्या ओळीत केअर ऑफ आणि पुढे मामांचे नाव. मग घर, आळी, गाव, आणि शेवटी पिनकोडचे सहा आकडे. रत्नागिरी शहराच्या मुख्य टपाल कचेरीचा पिनकोड 415612. मामांचे नाव गाळले, तर नवा पोस्टमन दारावरची पाटी पाहील, ‘ही इथे राहत नाही’ असे समजेल, आणि कार्ड परत जाईल. कुणी कुणी केअर ऑफच्या पुढे पुन्हा आपलेच नाव लिहितात. म्हणजे आपल्याच घरी आपण पाहुणे!

पाकीट मात्र मुलीचे. मामांनी ते न फोडता तिला द्यायचे. आपल्याला वाचता येऊ लागले म्हणून दुसऱ्याचे पत्र वाचू नये, हेही इथेच सांगून ठेवतो.

आधार कार्डावर केअर ऑफच्या पुढे कुणाच्या वडिलांचे, कुणाच्या नवऱ्याचे नाव असते. मराठी ओळीत तिथे ‘द्वारा’ छापलेले दिसेल. ते नाव वडिलांचे की नवऱ्याचे, हे त्या शब्दावरून कळत नाही. तेव्हा फॉर्मात वडिलांचे नाव विचारले, तर कार्डावरचे नाव डोळे मिटून उतरवू नका.

पाटीवर लिहा : तुमचा भाऊ मिरकरवाड्यात नाखव्याच्या घरी राहतो. त्याला पत्र घालायचे आहे. पहिल्या ओळीत कोणाचे नाव येईल? केअर ऑफच्या पुढे कोणाचे?