वारसा-मालमत्तेची व्यवस्था आणि मोबदल्याचा प्रश्न

एखादी व्यक्ती मृत्यू पावल्यानंतर तिची मालमत्ता वारसांत वाटली जाईपर्यंत पुष्कळदा दीर्घ काळ लोटतो. दरम्यान बागायतीचे उत्पन्न गोळा करणे, कर भरणे, मुंडकारांचे प्रश्न पाहणे व न्यायालयात हजर राहणे ही कामे कोणा एकास करावी लागतात. पेडणे व डिचोली तालुक्यांत नारळ-काजूच्या बागा आणि वडिलार्जित घरे असलेल्या कुटुंबांत ही जबाबदारी बहुधा गावी राहणाऱ्या भावावर पडते. या श्रमांचा मोबदला त्यास मिळावा काय, हाच पुढे वादाचा विषय होतो.

कायद्याची भूमिका

गोव्यात वारसाहक्काचे नियमन पूर्वी 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेने होत असे. आता त्यासाठी गोव्याचा स्वतंत्र अधिनियम असून, 2012 चा हा अधिनियम 2016 मध्ये अंमलात आला. वाटणीच्या इन्व्हेंटरी कार्यवाहीत मालमत्तेची यादी देणारा व ती सांभाळणारा तो कुटुंबप्रमुख, अर्थात ‘काबेसा द काझाल’. हयात पती वा पत्नीचा या पदावर प्रथम हक्क असतो. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा निष्पादक याहून वेगळा होय. त्याचे पद मूलतः विनावेतन असून, मृत्युपत्रकाराने मोबदला ठरवून दिला असेल तरच तो मिळतो.

भारतात इतरत्र लागू असलेल्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 309 नुसार, निष्पादकास महाप्रशासकासाठी ठरलेल्या दराहून अधिक कमिशन घेता येत नाही. श्रमांस मर्यादा असावी, हे तत्त्व दोन्हीकडे दिसते.

मर्यादा कोठे येते

समजा, दांपत्याची सामाईक मालमत्ता 24 लक्ष रुपयांची आहे. पतीच्या निधनानंतर 12 लक्ष पत्नीचे स्वतःचे ठरतात. उरलेल्या 12 लक्षांपैकी निम्मे, म्हणजे 6 लक्ष, मुलामुलींचा अनिवार्य हिस्सा होत. तीन अपत्ये असल्यास प्रत्येकास त्यातून 2 लक्ष मिळतात. मुलगा-मुलगी असा भेद नाही. मृत्युपत्राने देता येणारा भाग उरलेल्या 6 लक्षांपुरताच असतो. निष्पादकास द्यावयाचा मोबदलाही याच भागातून देता येतो.

खर्च व श्रम

खर्च आणि मोबदला या दोन भिन्न गोष्टी होत. आवश्यक कर, डागडुजी व बागेची मजुरी यांवर झालेला खर्च पावत्या दाखवून मालमत्तेतून मागता येतो. परंतु ‘आपण राबलो’ म्हणून नारळ-काजूचे उत्पन्न स्वतःकडे ठेवणे योग्य नव्हे. ते उत्पन्न सर्व वारसांचे असून, त्याचा हिशेब द्यावाच लागतो.

यास्तव, मोबदला द्यावयाचा असल्यास तो मृत्युपत्रात स्पष्ट लिहावा. मृत्युपत्र नसल्यास सर्व वारसांनी प्रारंभीच लेखी संमती द्यावी. जमाखर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. भावंडांतील विश्वास टिकविण्यास या वहीइतके उपयुक्त साधन दुसरे नाही.