चित्रफितीचे आकारमान : काय गाळावे, काय राखावे?

स्नेहसंमेलनातील एकांकिका असो, वर्गातील व्याख्यान असो वा लोकसाहित्याच्या अभ्यासासाठी जमविलेल्या जात्यावरच्या ओव्या असोत, हल्ली सारे काही मोबाईलवर चित्रित होते. लवकरच फोन भरतो आणि काहीतरी पुसून टाकण्याची वेळ येते. वास्तविक, पुसून न टाकताही चित्रफितीचे आकारमान कमी करता येते. मात्र काय गमवावयाचे, हे आधी ठरविले पाहिजे.

चित्रफीत म्हणजे वेगाने एकामागून एक येणारी स्थिरचित्रे होत. १९२० × १०८० बिंदूंच्या एका चित्रात सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस ३ बाइट व सेकंदाला ३० चित्रे धरल्यास एका मिनिटासाठी ११ गिगाबाइटांहून अधिक जागा लागेल! प्रत्यक्षात पुष्कळसे फोन हे मिनिट १३० मेगाबाइटांच्या आसपास बसवितात. याचे कारण असे की, लागोपाठच्या चित्रांत जे बदलत नाही ते पुन्हा लिहिले जात नाही. शिवाय डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळले जातात. या गाळणीमागील 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' ही गणिती रीत नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केली. एच.२६४ (२००३) व एच.२६५ (२०१३) ही मानके त्याच परंपरेतील होत.

आकारमानाचे सूत्र सोपे आहे : बिटरेट गुणिले कालावधी. सेकंदाला १७ मेगाबिट असल्यास मिनिटाला सुमारे १२८ मेगाबाइट होतात. २ मेगाबिट ठेवल्यास अवघे १५. 'हँडब्रेक'सारख्या विनामूल्य संगणक-प्रणालीत हा बदल करता येतो. १२८० × ७२० निवडल्यास बिंदू निम्म्याहून कमी होतात. एच.२६५ वापरल्यास तोच दर्जा बऱ्याच कमी जागेत मिळतो. 'झिप' केल्याने मात्र फारसा लाभ नाही, कारण फाईल आधीच आवळलेली असते.

आता विवेकाचा प्रश्न. व्याख्यानात हालचाल थोडी, म्हणून बिटरेट कमी चालतो. पण फळ्यावरील अक्षरे वाचता यावीत म्हणून बिंदू राखावेत. नृत्यात क्षणोक्षणी सारे बदलते. तेथे बिटरेट फार उतरविल्यास चित्राचे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. ओव्यांच्या बाबतीत चित्र लहान केले तरी चालेल, आवाजास हात लावू नये. सेकंदाला १२८ किलोबिटांचा आवाज मिनिटाला १ मेगाबाइटदेखील व्यापत नाही. तो कापून काहीच साधत नाही, उलट अभ्यासाचा विषयच हरवतो.

एक नियम मात्र सर्वत्र पाळावा : मूळ फाईल हार्ड डिस्कवर जपावी आणि प्रत लहान करून पाठवावी. लहान केलेल्या प्रतीवरून पुन्हा लहान प्रत काढू नये. दर खेपेस थोडे अधिक गळते आणि गळलेले परत येत नाही. एकांकिका पुन्हा करता येते. ओवी म्हणणारी आजी पुढील वर्षी भेटेलच, असे नाही.