भूक, भय आणि मुदत : निवाऱ्यातून आलेल्या मांजराच्या पहिल्या घासाविषयी



प्राणी-निवाऱ्यातील मांजराला कायमचे घर मिळेपर्यंत काही आठवडे आपल्या घरी ठेवून घेणे, म्हणजेच प्राणिमित्रांच्या रोजच्या बोलण्यातले ‘फॉस्टर करणे’, हे काम बाहेरून दिसते तितके सोपे नसते; आणि त्यातली पहिली अडचण बहुधा हीच असते, की नवे मांजर पलंगाखाली जाऊन बसते आणि समोर ठेवलेल्या अन्नाकडे ढुंकूनही पाहत नाही. चि. रेवतीच्या घरी सध्या हीच अडचण उभी आहे, म्हणून हे पत्र. अशा वेळी काहीही करून मांजराच्या पोटात घास जावा असे घरातल्या प्रत्येकाला वाटते, आणि त्या धडपडीने मांजर आणखी बिथरते. भूक नव्याने निर्माण करण्याची विद्या कोणाजवळ नाही. ती बहुधा असतेच, फक्त तिच्या आड भीती, अनोळखी वास, चोंदलेले नाक किंवा दुखरा दात असे काहीतरी आलेले असते. ते ओळखून दूर करणे एवढेच सांभाळणाऱ्याच्या हाती असते. मात्र या कामाला कालमर्यादा आहे, आणि म्हणून धीर धरणे व घड्याळाकडे लक्ष ठेवणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात.

घरगुती मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया या भागांतील रानमांजर. प्राणिशास्त्रात त्याला ‘फेलिस लिबिका’ असे नाव आहे. हा एकट्याने शिकार करणारा प्राणी असून उंदरासारखी लहान भक्ष्ये दिवसरात्रीत अनेकदा पकडून तो थोडे थोडे खातो. परंतु स्वतः आकाराने लहान असल्यामुळे मोठ्या श्वापदांचे भक्ष्यही होऊ शकतो. खाताना मान खाली जाते आणि लक्ष अन्नावर खिळते, म्हणजे सावधपणा सर्वांत कमी असतो तो याच क्षणी. त्यामुळे आसपास धोका नाही याची खात्री पटल्यावाचून न खाणे हे त्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच असते. भीती वाटताच शरीरात ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरके, म्हणजे रक्तावाटे संदेश पोहोचवणारी द्रव्ये, स्रवतात, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते आणि पचनाचे काम मंदावते. निवाऱ्याच्या पिंजऱ्यातून वाहनात आणि वाहनातून परक्या घरात आलेल्या मांजराचे नेमके हेच होत असल्याने त्याच्या न खाण्याला नखरा किंवा हट्ट समजू नये.

असे असले तरी मांजराचा उपास हा माणसाच्या उपासासारखा निर्धोक नसतो. मांजर पूर्णपणे मांसाहारावर अवलंबून असलेला प्राणी असून प्रथिनांचे विघटन करणारी त्याच्या यकृतातील यंत्रणा अन्न बंद झाले तरी फारशी मंदावत नाही, त्यामुळे उपाशी मांजराचे स्नायू लवकर झिजू लागतात. त्याच वेळी अंगावरची चरबी रक्तावाटे यकृताकडे इतक्या वेगाने धाव घेते, की तिची विल्हेवाट लावणे यकृताला जमत नाही आणि ती त्याच्या पेशींमध्ये साचत जाते. या विकाराला ‘हिपॅटिक लिपिडोसिस’ म्हणतात. अन्न सुटल्यावर काही दिवसांतच तो उद्भवू शकतो, लठ्ठ मांजरांना त्याचा धोका अधिक असतो, आणि वेळेवर उपचार न झाल्यास तो प्राणघातक ठरतो. म्हणून प्रौढ मांजराने २४ तासांत काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्याला दूरध्वनीवरून कळवावे आणि ४८ तास होण्याच्या आत ते प्रत्यक्ष दाखवावे. काही महिन्यांच्या पिल्लाच्या बाबतीत १२ तासही वाट पाहू नये, आणि दूध पिणाऱ्या पिल्लाच्या बाबतीत तर काही तासांचा खंडही गंभीर मानावा. अंग गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यावी आणि मगच अन्न, कारण थंड शरीराला ते पचत नाही. ही मुदत घरी आणल्या क्षणापासून मोजावयाची नसून शेवटच्या खाण्यापासून मोजावयाची असल्याने ते केव्हा झाले, हे निवाऱ्यात विचारून घेणे आवश्यक ठरते.

भीती कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे जागा लहान करणे. संपूर्ण घर एकदम मोकळे करून देण्याऐवजी मांजराला एका शांत खोलीत ठेवावे, खिडक्यांना जाळी असल्याची खात्री करावी, आणि लपण्यासाठी पुठ्ठ्याचे एक साधे खोके आडवे ठेवावे. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निवाऱ्यात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपण्याचे खोके मिळाले होते त्यांच्यावरील ताण, खोके नसलेल्या मांजरांच्या तुलनेत, पहिल्या काही दिवसांतच स्पष्टपणे कमी झालेला आढळला. लपलेले मांजर माणसाळत नाही, या समजुतीने त्याला ओढून बाहेर काढण्याची जी पद्धत आहे ती म्हणूनच टाळावी. अन्न खोक्याच्या तोंडापासून थोड्याच अंतरावर, पाणी त्यापासून दूर, आणि शौचासाठीचा लिटर ट्रे खोलीच्या विरुद्ध कोपऱ्यात असावा, कारण घाणीशेजारी खाणे मांजराला रुचत नाही. निवाऱ्यातील अंथरुणाचा एखादा न धुतलेला तुकडा जवळ ठेवल्यास ओळखीच्या वासाचा आधार मिळतो. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची घंटा आणि मांजर पाहायला येणारे शेजारी या चारही गोष्टी माणसाच्या अंगवळणी पडलेल्या असतात, परंतु नव्या मांजराला त्या प्रत्येक वेळी पुन्हा लपायला लावतात. म्हणून खोली स्वयंपाकघरापासून लांबची निवडावी आणि पाहुण्यांना काही दिवस थोपवून धरावे.

अन्नाची निवड करताना उत्तम काय यापेक्षा ओळखीचे काय, हा प्रश्न आधी विचारावा. लहानपणी ज्या वासाचे व ज्या पोताचे अन्न मिळाले तेच अन्न अशी खूणगाठ मांजराच्या मनात बसते. त्यामुळे मुंबईच्या किंवा कोकणातल्या मासळी बाजाराच्या आसपास वाढलेल्या मांजराला कोरड्या खाद्याचे दाणे हे खाण्याची वस्तू आहे हेच कित्येकदा उमगत नाही, तर केवळ दाण्यांवर वाढलेले मांजर उकडलेल्या माशाकडे पाठ फिरवू शकते. निवाऱ्यात ते काय खात होते, कोरडे की ओले, कोणत्या भांड्यात आणि कोणत्या वेळी, हे विचारून पहिले काही दिवस तेच द्यावे. साखर, बिस्किट किंवा गोड दूध यांनी मांजराला मोह पडेल ही आशा मात्र व्यर्थ आहे, कारण गोड चव ओळखण्यास लागणारे एक जनुक मांजरात निकामी झालेले असून फिलाडेल्फियातील मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली हे दाखवून दिले आहे. शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही आणि त्यांना जुलाब होतात.

मांजराची भूक जागी होते ती मुख्यतः वासाने. ताज्या शिकारीचे मांस अंगाच्या उबेचे असते आणि मांजराच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. म्हणून फ्रीजमधले गार अन्न तसेच न वाढता, त्याची वाटी कोमट पाण्यात ठेवून त्याला तेवढीच ऊब आणावी. बिनहाडाची उकडलेली कोंबडी किंवा काटे काढलेला उकडलेला मासा, आणि त्यांचेच कोमट पाणी, एवढ्याने पुष्कळदा काम होते. मात्र त्यात मीठ, हळद, तिखट काहीही नसावे, आणि कांदा-लसूण तर मुळीच नसावा, कारण त्यांतील द्रव्यांमुळे मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटून रक्तक्षय होतो. घरात सर्वांसाठी केलेल्या रश्श्यातली फोड धुऊन देण्याची सवय याच कारणाने धोक्याची आहे. नुसत्या उकडलेल्या मांसावर मांजराला दीर्घकाळ ठेवू नये, कारण त्यात चुन्याचे म्हणजे कॅल्शियमचे प्रमाण अपुरे असते आणि टॉरिन हे मांजराला अन्नातूनच मिळवावे लागणारे द्रव्य शिजवण्याच्या पाण्यात उतरून कमी होते. टॉरिनच्या अभावी मांजराच्या हृदयाचे स्नायू दुबळे होतात हे १९८७ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील पशुवैद्यांनी सिद्ध केले.

अन्न उथळ व पसरट ताटलीत, एका वेळी चमचा-दोन चमचे एवढेच वाढावे, आणि ते ठेवून खोलीतून निघून जावे. पुष्कळ मांजरे पहिला घास रात्री, घर निजल्यावर घेतात. म्हणून निजण्यापूर्वी ताजे अन्न ठेवणे अगत्याचे असते. आपल्या हवेत ओले अन्न दोन-तीन तासांत उतरते, आणि मुंग्या त्याआधीच येतात. त्यासाठी दिवसा अन्न वेळच्या वेळी बदलावे, रात्री ओल्याच्या जोडीला थोडे कोरडे ठेवावे, आणि ताटली पाणी भरलेल्या मोठ्या थाळीत ठेवावी. एकाच वेळी पाच-सहा प्रकार मांडल्यास वासांची गर्दी होऊन मांजर दूर सरते, दोन पुरेत. ठेवताना आणि उचलताना ताटली स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर तोलून आकडा लिहून ठेवावा, कारण ‘थोडेसे खाल्ले असावे’ या अंदाजावर मुदतीचा हिशेब चालत नाही. चार किलो वजनाच्या मांजराला नुसत्या विश्रांतीसाठीही दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी लागतात; पाऊचवर छापलेल्या आकड्याशी हे ताडून पाहिले, की दोन चमच्यांनी मांजराचे भागले असे समजणे किती चुकीचे आहे ते कळते.

सांभाळणाऱ्याने स्वतः कसे वागावे, हा भाग अन्नाइतकाच महत्त्वाचा आहे. खोलीत जाऊन जमिनीवर बाजूला तोंड करून बसावे, हळू आवाजात काही वाचावे, आणि मांजराकडे टक लावून पाहू नये. नजरानजर झालीच तर पापण्या सावकाश मिटून उघडाव्यात. ससेक्स व पोर्ट्समथ विद्यापीठांतील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा संथ उघडझापीनंतर मांजरे अनोळखी माणसाच्याही जवळ येण्यास अधिक तयार असल्याचे आढळले. मांजराने आपल्याच हातून खावे ही इच्छा स्वाभाविक असली तरी तिचा संबंध मांजराच्या भुकेशी कमी आणि माणसाच्या समाधानाशी जास्त असतो, म्हणून ती काही काळ बाजूला ठेवावी. तोंड धरून पिचकारीने अन्न भरणे तर पशुवैद्याने सांगितल्याशिवाय कधीच करू नये. त्यात अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, आणि ज्या अन्नाशी भय किंवा मळमळ जोडली गेली ते अन्न प्राणी पुढे दीर्घकाळ टाळतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी १९५५ साली उंदरांवरील प्रयोगांतून मांडलेली चवीची ही ‘अर्जित नावड’ मांजरांतही दिसते. आवडत्या अन्नात कडू औषध लपवण्याने जो घोटाळा होतो त्याचेही मूळ हेच आहे.

इतके करूनही ताटली तशीच राहिली, तर कारण भीतीपलीकडचे असू शकते. निवाऱ्यांत दाटीमुळे मांजरांच्या सर्दीचे विषाणू सहज पसरतात. त्यांपैकी हर्पीस विषाणू शरीरात सुप्त राहून ताणाच्या काळात पुन्हा डोके वर काढतो आणि नाक चोंदवतो, तर कॅलिसी विषाणूमुळे जिभेवर फोड येतात. नाक बंद असलेल्या मांजराला अन्नाचा वासच येत नाही, आणि तोंड आलेले मांजर इच्छा असूनही चावू शकत नाही. अन्नाजवळ येऊन ओठ चाटणे, लाळ गळणे आणि मागे फिरणे हे मळमळीचे लक्षण समजावे. उलट्या, धाप, हिरड्यांवर किंवा कानाच्या आतल्या त्वचेवर पिवळेपणा दिसल्यास, अथवा बोका ट्रेमध्ये वारंवार बसूनही लघवी होत नसल्यास, तास मोजत न बसता त्याच वेळी दवाखाना गाठावा. मळमळ थांबवणारी आणि भूक वाढवणारी औषधे पशुवैद्याजवळ असतात, आणि गरज पडल्यास मानेतून अन्ननलिकेत बसवलेल्या नळीने अन्न देण्याचा मार्गही असतो, जो दिसायला भीतिदायक वाटला तरी मांजराला जबरदस्तीपेक्षा कितीतरी सुसह्य होतो. माणसांचे औषध आपल्या मनाने देऊ नये; पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फार दिवस उपाशी राहिलेल्या मांजराला एकदम पोटभर वाढणेही घातक असते, कारण अन्न मिळताच रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम हे क्षार झपाट्याने पेशींत ओढले जाऊन रक्तात त्यांची तूट पडते. अशा मांजराचे खाणे वैद्याच्या देखरेखीखालीच हळूहळू वाढवावे.

पहिला घास गेल्यावर लगेच उत्साहाने चांगल्या प्रतीचे नवे खाद्य आणून जुने बंद करू नये. आठ-दहा दिवस जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत जावे, जेवणाच्या वेळा ठरवाव्यात, आणि मांजर आपण होऊन बाहेर येऊ लागले की मगच खोलीचे दार किलकिले करावे. वजनाच्या नोंदींची वही पुढेही चालू ठेवावी व तिच्यात अन्नाचा प्रकार, ताटलीची जागा, खाण्याची वेळ आणि कोणत्या आवाजाने मांजर दचकते हे लिहीत जावे. सांभाळ तात्पुरता असल्यामुळे आज ना उद्या हे मांजर दुसऱ्या घरी जाणार, आणि तिथे पहिल्या रात्री पुन्हा कोठेतरी दडून बसणार. त्या वेळी नव्या माणसांच्या हाती ही वही असली तर त्यांना सुरुवात अंधारात चाचपडत करावी लागणार नाही. म्हणून मांजरासोबत ती अवश्य द्यावी, आणि तोवर चि. रेवतीने आपल्या जेवणाची वेळही चुकवू नये.