एका मालाला एकच पत्ता

हे बघ पोरी, आपल्या दुकानाच्या वेबसाइटची पानं हाताने लिहून ठेवलेली असोत की डेटाबेसमधून दर वेळी नव्याने बनणारी, गुगलला त्याचं सोयरसुतक नाही. पानाच्या पत्त्यात, म्हणजे URL मध्ये, प्रश्नचिन्ह आलं की पान मागे पडतं, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? असले पत्ते आम्हाला वाचता येतात, उगाच वेषांतर करू नका, असं गुगलने 2008 सालीच सांगून ठेवलंय. पैसे घेऊन पत्ते बदलून देणारा कुणी आपल्या वाणगावला उतरला, तर चहा पाज आणि पुढच्या लोकलने परत पाठव.

घोळ होतो तो फिल्टरमध्ये. चिकू चिप्स एकच. पण चार वजनं, तीन पॅकिंग, वर स्वस्त आधी की महाग आधी, म्हणजे चोवीस पत्ते झाले. आपल्याएवढ्या दुकानात गुगलचा बॉट दमणार नाही, पण यांतलं मुख्य पान कुठलं हे तो आपल्या मनाने ठरवेल, आणि भलतंच ठरवेल. मुख्य पत्ता कुठला हे पानाच्या कोडमध्ये सांगणारा कॅनॉनिकल टॅग त्यासाठीच आहे. 2009 मध्ये गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आणला. ती नुसती सूचना असते, हुकूम नव्हे. म्हणून मेनू आणि साइटमॅपमधल्या लिंकाही मूळ पत्त्यावरच जाऊ देत.

नाव, किंमत, वर्णन सर्व्हरकडून येणाऱ्या पानातच हवं. जावास्क्रिप्टने मागाहून भरलेलं गुगल वाचतो, पण सवडीने. 'आणखी दाखवा'चं बटण तर तो दाबतच नाही. त्यामागच्या मालाला साधी लिंक दे.

आता हंगामाचं. चिकूच्या पेट्या संपल्या की पान उडवायचं आणि पुढच्या खेपेला नवं काढायचं, ही खोड फार जणांना आहे. लोकांनी दिलेल्या लिंका अशाने वाया जातात. पान राहू दे, वर 'सध्या शिल्लक नाही' लिही. पत्त्यात साल तर मुळीच घालू नकोस.

वारली चित्राचं वेगळं. नग एकच, विकला की संपला. 'तारपा नाच', 'लग्नचौक' अशी विभागांची पानं कायमची ठेव आणि विकलेल्या चित्राच्या पानावरून तिकडे वाट दे. अशी सगळी पानं होमपेजवर वळवलीस, तर गुगल ती हरवलेलीच धरतो. आणि 'सुंदर पारंपरिक चित्र' हे एकच वाक्य सगळीकडे चिकटवू नकोस. कापडावर आहे की कागदावर, माप काय, चित्रात काय चाललंय, हे लिही. वारलीला 2014 मध्ये आणि डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हेही सांग. मात्र त्याचा शिक्का नोंदणी असलेल्यानेच लावायचा.

ताजी मिरची मात्र वेबसाइटवर चढवू नकोस. तिचा भाव रोज हलतो, आणि गुगलने कालचीच किंमत दाखवली की गिऱ्हाईक फोनवर तुझ्याशी भांडत बसतं.