दरपत्रकातील तळटिपा आणि 'स्टाइल'

दरपत्रकात भाव ठळक असतो. 'जीएसटी वेगळा', 'कापलेले कापड परत नाही' या अटी मात्र तळटिपेत जातात. मुरूडच्या एका गिऱ्हाइकाला माझी बारीक टीप वाचताच आली नाही. फरक मला सोसावा लागला.

'वर्ड'मध्ये एकेक टीप मोठी करीत बसू नका. 'स्टाइल्स'च्या यादीत 'फूटनोट टेक्स्ट'वर माउसची उजवी कळ दाबून 'मॉडिफाय', मग 'फॉरमॅट' व 'फॉन्ट' निवडा. मराठी-उर्दू अक्षरांचा आकार 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'खाली ठरतो. तेथे १२ करा. सर्व टिपा एकदम सुधारतील.

टीप घालताना कंट्रोल, आल्ट व एफ एकत्र दाबा. हाताने अंक घालून लिहिलेली टीप या स्टाइलखाली येत नाही.

अट वाचता आली, तरच व्यवहार साफ.