शेण आणि काड : बायोगॅस संयंत्रातील प्रमाण

जयपूर जिल्ह्यात गव्हाच्या मळणीनंतर भुसा गोठ्यात जातो. मोहरीचे कठीण काड मात्र जनावरे आवडीने खात नाहीत. ते बहुधा वीटभट्टीच्या इंधनासाठी विकले जाते. असे अवशेष शेणाबरोबर बायोगॅस संयंत्रात वापरता येतील का? विदर्भ-मराठवाड्यातील पऱ्हाट्या व तुराट्यांबाबतही हाच प्रश्न उपस्थित होतो.

अवशेषांची निवड
मोहरी, कापूस व तूर यांच्या काष्ठमय खोडांत लिग्निन अधिक असते. हवाविरहित टाकीतील जिवाणू त्याचे विघटन जवळजवळ करू शकत नाहीत. अशी खोडे केवळ जागा अडवतात. गोठ्यात जनावरांनी उष्टावलेले गव्हाचे काड किंवा बाजरीचे सरमाड त्या मानाने उपयुक्त ठरते. चाऱ्यायोग्य भुसा मात्र संयंत्रात टाकू नये.

कर्ब-नत्र गुणोत्तर
वायुनिर्मितीसाठी २० ते ३० : १ हे गुणोत्तर अनुकूल असते. शेणात ते सुमारे २५ : १, तर गव्हाच्या काडात सुमारे ८० : १ असते. ४० किलो ताज्या शेणात २ किलो कोरडे काड मिसळल्यास मिश्रणाचे गुणोत्तर सुमारे २९ : १ येते. तेवढ्याच शेणात ८ किलो काड घातल्यास ते ३८ : १ पर्यंत जाते व नत्राअभावी जिवाणूंची वाढ खुंटते.

वापराची पद्धत
काडाचे १ ते २ सेंटिमीटर लांबीचे तुकडे करून ते शेणकाल्यात भिजवावेत. कोरडे काड तरंगते व टाकीत वर जाड थर तयार होऊन वायूचा मार्ग अडतो. वरील मिश्रणास सुमारे ६० लिटर पाणी लागते. सुरुवात अर्धा किलो काडाने करून प्रमाण हळूहळू वाढवावे.

धोक्याची लक्षणे
स्लरीला आंबूस वास येणे, ज्योत नीट न पेटणे आणि सामू ६.५ च्या खाली जाणे ही आम्लता वाढल्याची लक्षणे होत. अशा वेळी काड त्वरित बंद करून भरणा कमी करावा, केवळ शेणकाला द्यावा आणि चालू संयंत्रातील स्लरी मिसळावी. जयपूरच्या थंडीत मिथेन तयार करणारे जिवाणू मंदावतात. म्हणून हिवाळ्यात काडाचे प्रमाण वाढवू नये.

काड जाळल्यास त्यातील बहुतांश नत्र हवेत निघून जाते. संयंत्रातून ते स्लरीवाटे शेतात परतते. शेण हा संयंत्राचा आधार असून काड हे केवळ पूरक खाद्य आहे, हे विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना प्रथम समजावून द्यावे.