मध्यम गुणांच्या मुलीला शिकवणी लावावी का?

प्रश्न : मुलगी चौथीत आहे. अभ्यासात मागे नाही, पण प्रगतिपुस्तकात ब-१, ब-२ च्या पुढे जात नाही. सोसायटीतली बरीच मुलं शिकवणीला जातात. तिलाही घालावं का?

उत्तर : आधी नेमकं कुठं अडतंय ते पाहा. ते श्रेणीवरून नाही, वहीवरून कळतं. ५२ मधून २७ वजा करून तिनं ३५ लिहिलं असेल, तर तो निव्वळ धांदरटपणा नसावा. प्रत्येक घरात ती मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आहे. म्हणजे दशक सुटा करणं समजलेलं नाही. अशी आणखी पन्नास गणितं घातलीत तर चूकच पक्की होईल. तिच्या हातात दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी द्या आणि २७ रुपये मागा. एक नोट मोडावी लागते, हे तिचं तिला उमगेल.

आठवड्यातून तीन-चार दिवस वीस-पंचवीस मिनिटं घरी बसणं जमत असेल, तर शिकवणीची घाई नको. जमत नसेल तर जरूर लावा, पण चार-पाच मुलांचीच. नुसता गृहपाठ उरकून घेणारी नको. दोन महिन्यांनी वही पुन्हा चाळा. तीच चूक दिसली, तर शिकवणी बदला.

वर्गशिक्षकांशी जरूर बोला, मात्र शिकवणी त्यांच्याकडे मागू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. आणि संध्याकाळचं खेळणं कापून शिकवणी बसवू नका.